'ऑथेल्लो'मधील स्त्रियांविषयी लिहिताना या चुका टाळा

शेक्सपिअरच्या या शोकांतिकेत सेनापती ऑथेल्लो आपली पत्नी डेस्डेमोना बदफैली आहे, असे हाताखालच्या इयागोच्या सांगण्यावरून मानतो आणि तिचा खून करतो. तिच्यातील स्त्रीद्वेषाविषयी लिहिताना सर्वाधिक होणारी चूक म्हणजे सगळा दोष इयागोच्या माथी मारून मोकळे होणे. इयागो स्त्रियांविषयी हीन बोलतो हे खरे. परंतु त्याचा सर्वांत घातक युक्तिवाद त्याचा स्वतःचा नाही. पहिल्या अंकात डेस्डेमोना व्हेनिसच्या सिनेटसमोर ऑथेल्लोशी केलेल्या विवाहाचे समर्थन करते, तेव्हा तिचा बाप ब्रॅबॅन्शियो जाता जाता जावयाला बजावतो की, हिने बापाला फसवले, ती तुलाही फसवील. तिसऱ्या अंकात इयागो हेच ऑथेल्लोच्या कानात घालतो आणि ऑथेल्लो लगेच मान डोलावतो, कारण स्वतःच्या मनाने वर निवडणारी मुलगी भरवशाची नसते, हे त्या तिघांनाही मान्य आहे. खून करण्यापूर्वीही, ही जगली तर आणखी पुरुषांना फसवील, असेच ऑथेल्लो स्वतःला समजावतो. निबंधात केवळ 'खलनायकाचा स्त्रीद्वेष' आला असेल, तर हे तीन प्रसंग शेजारी ठेवून तो भाग पुन्हा लिहावा.

डेस्डेमोनाला गरीब गाय ठरवणेही चूकच. मोहिमेवर निघालेल्या ऑथेल्लोबरोबर सायप्रसला जाण्याचा आग्रह तिचा असतो, आणि चारचौघांत नवऱ्याने मारल्यावर, ही शिक्षा मिळावी असे मी काही केलेले नाही, हे ती सांगते. मरताना मात्र ती दोष स्वतःवर घेते. ही विसंगती झाकण्याऐवजी तिच्यावरच लिहावे.

ऑथेल्लोचा सहकारी कॅसिओ याची प्रेयसी बियांका हिला 1623च्या फोलिओतील (शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या एकत्रित आवृत्तीतील) पात्रयादीत गणिका म्हटले आहे, म्हणून तोच शिक्का उचलू नये. पाचव्या अंकात ती हा आरोप ठामपणे नाकारते, आणि तिथे तो करणाऱ्यांत इयागोची बायको आणि डेस्डेमोनाची सोबतीण एमिलियाही असते, हे विशेष.

एमिलियाचे चौथ्या अंकातील भाषण, बायकांनाही नवऱ्यांसारख्याच भावना असतात असे सांगणारे, शेक्सपिअरचे स्वतःचे मत म्हणून उद्धृत केले जाते. ते पात्राचे बोलणे आहे. शिवाय 1622च्या क्वार्टोत (या नाटकाच्या पहिल्या छापील आवृत्तीत) ते नाही, त्यामुळे हाती कोणती संहिता आहे ते तपासावे. एमिलियाला थेट बंडखोर म्हणण्याआधी, ऑथेल्लोने डेस्डेमोनाला दिलेला आणि पुढे तिच्याविरुद्ध पुरावा ठरलेला रुमाल नवऱ्याच्या हाती देणारी आणि डेस्डेमोनाने विचारल्यावर ठाऊक नाही म्हणणारी तीच आहे, हेही नोंदवावे. नवऱ्याची आज्ञा पाळणे योग्य, पण आता नाही, असे ती अखेरच्या दृश्यात म्हणते, आणि सत्य उघड केल्याबद्दल इयागो तिला भोसकतो.