सवयींचं ॲप निवडताय? मुरलेल्यांनी तरी या चुका टाळा

पाणी किती प्यायलो आणि चाललो की नाही, एवढंच टिपायचं असेल तर भिंतीवरचं कॅलेंडर आणि पेन्सिल पुरे. हे लिहितोय ते ज्यांनी वर्ष-दोन वर्षं नोंदी ठेवल्यात, ज्यांच्या यादीत दहा-पंधरा सवयी आहेत आणि जे आता यापेक्षा बरं काही मिळतं का म्हणून प्ले स्टोअर धुंडाळतायत, त्यांच्यासाठी. ही मंडळी ॲप पारखतात ते रविवारी सकाळी, चहा पीत, रंगीत आलेख बघून. आठवडा विस्कटतो तेव्हा ते ॲप कसं वागतं, हे कुणी बघतच नाही.

माझा धाकटा भाऊ परभणीजवळ शेती करतो. रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायचं, तर मोटारीची लाईन, म्हणजे वीज, एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. रात्री दोनला दारं धरणारा, म्हणजे पाणी वाफ्या-वाफ्यात वळवणारा माणूस पहाटे साडेपाचला व्यायाम कसा करणार? त्याच्या ॲपला 'दररोज' आणि 'ठरावीक वार' एवढंच कळायचं. एकाआड एक आठवडा सगळा लालेलाल. महिन्याभरात वैतागून म्हणाला, "दादा, ह्याला रातची लाईनच कळंना. काढून टाकू का?"

काढलंच. लूप हॅबिट ट्रॅकर घेतलं, कारण त्यात 'इतक्या दिवसांत इतक्या वेळा' असं सांगता येतं. आम्ही १४ दिवसांत ८ वेळा असं लावलं: दिवसाच्या लाईनला सहा, रात्रीच्या लाईनला जमले तर दोन. दुसरी अडचण मध्यरात्रीची. रात्री दीडला टिपलेली गोष्ट बहुतेक ॲप दुसऱ्या दिवसाच्या खात्यात टाकतात. लूपच्या सेटिंगमध्ये नवा दिवस पहाटे ३ पर्यंत लांबवता येतो. हॅबिटिका नावाच्या दुसऱ्या ॲपमध्ये दिवस किती वाजता सुरू धरायचा ते आपणच ठरवतो. रातपाळीचे कामगार, परीक्षेसाठी जागणारी पोरं, नर्स, या सगळ्यांनी आधी ही सोय शोधावी, मग आलेख बघावेत.

एकादशीचंही तसंच. 'दर १५ दिवसांनी' असं लावलंत की दोन-तीन महिन्यांत ॲपची एकादशी आणि पंचांगाची एकादशी वेगळी होते, कारण दोन एकादश्यांमधलं अंतर कधी १४ दिवसांचं असतं, कधी १६. तारखा कॅलेंडरमध्ये टाका आणि ॲपमध्ये 'महिन्यातून २ वेळा' एवढंच ठेवा. आमच्या आईने माझं ॲप बघून विचारलं होतं, "ह्यात अधिक महिना कुठंय?" अजून उत्तर सापडलेलं नाही.

साखळीचा मोह

सलग २०० दिवसांची साखळी झाली की माणूस सवयीपेक्षा आकडा सांभाळायला लागतो. ताप असला तरी अंथरुणात दोन बैठका मारून टिक करतो. (मी केलंय.) लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागल्याचं दिसलं, पण माणसागणिक अंदाज १८ पासून २५४ पर्यंत पसरलेले होते. आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नव्हतं. म्हणजे एका चुकीवर शून्यावर आणणारं ॲप उगीच कडक मास्तर होतं. लूप साखळीसोबत सवयीचा जोरही मोजतं. एक दिवस गेला तर तो थोडा उतरतो, पुसला जात नाही. निवडताना 'केलं' आणि 'चुकलं' यांच्यासोबत 'सुट्टी' अशी तिसरी खूण आहे का, तेही बघा. मे महिन्यात परभणीचा पारा ४३ अंशांवर गेला की दुपारचं सायकलिंग बंद ठेवणं हा आळस नव्हे.

डेटा बाहेर कसा काढाल?

सगळ्यात महाग पडलेली चूक माझी. दोन वर्षांहून जास्त एका ॲपमध्ये होतो. किती पानं वाचली, किती किलोमीटर चाललो, शेजारी मराठीत टिपणं. सोडताना निर्यात केली तर फाइलमध्ये नुसतं हो-नाही. आकडे आणि टिपणं तिथेच राहिली. म्हणून पहिल्याच आठवड्यात पाच-सहा खोट्या नोंदी करा, सीएसव्ही फाइल (एक्सेलमध्ये उघडणारा साधा तक्ता) काढा आणि तारीख, आकडा, टिपण, सुट्टीची खूण हे चारही येतंय का ते तपासा. लूपमध्ये वाचायची सीएसव्ही वेगळी आणि परत भरायची पूर्ण बॅकअप फाइल वेगळी, दोन्ही ठेवा. ते ॲप स्वतःहून कुठल्या सर्व्हरवर काही पाठवत नाही. खासगीपणाला हे बरं, पण फोन विहिरीत पडला की नोंदीही विहिरीत.

एक्सेलमध्ये फाइल उघडल्यावर मराठीच्या जागी टोप्या घातलेली विचित्र रोमन अक्षरं दिसली तर घाबरू नका, आणि तशीच सेव्ह तर मुळीच करू नका. डेटा शाबूत असतो, एक्सेलने लिपी चुकीची ओळखलेली असते. फाइल बंद करा, कोरं पान उघडा, 'डेटा' टॅबमधल्या 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही'मधून तीच फाइल घ्या आणि वरच्या यादीत '६५००१: युनिकोड (यूटीएफ-८)' निवडा.

आठवणच वाजत नसेल तर ॲपला शिव्या देण्याआधी फोन बघा. अँड्रॉइड १३ पासून नव्या ॲपला नोटिफिकेशनची परवानगी वेगळी द्यावी लागते. ती असूनही गप्प असेल तर त्या ॲपची बॅटरी सेटिंग 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. काही फोनमध्ये 'ऑटोस्टार्ट' नावाचं बटण आणखी वेगळं असतं. 'फोर्स स्टॉप' केलेलं ॲप पुन्हा उघडेपर्यंत वाजत नाही.

तंबाखू सोडणाऱ्यांसाठी एक गोष्ट. कोरा रकाना म्हणजे 'खाल्ली नाही' की 'नोंदवायचं राहिलं', हे ॲपला कळत नाही. दिवसाच्या पुड्या आकड्यात मोजा, शून्यही लिहा, आणि 'जास्तीत जास्त इतकं' अशी मर्यादा घालू देणारं ॲप घ्या.

जुनं ॲप लगेच उडवू नका, दोन आठवडे दोन्ही चालवा. भावाने चाचणी मुद्दाम रातच्या लाईनच्या आठवड्यात सुरू केली. चौथ्या दिवशी पावणेदोनला त्याचा मेसेज: "टिक झाली. कालच्याच तारखेला पडली." खाली फोटो, चिखलाच्या बोटाने धरलेल्या फोनचा.