सरांनी खोडलेला शब्द

विमान देखभाल अभियंत्याच्या परवान्याचा अभ्यास सुरू केला, तेव्हा मॉड्यूल ९, म्हणजे ह्यूमन फॅक्टर्स (माणसाच्या हातून चुका का होतात याचा अभ्यास), मला घोकंपट्टीचा विषय वाटला होता. ‘डर्टी डझन’, म्हणजे चुकांमागच्या बारा नेहमीच्या कारणांची यादी, तिच्यातली बारा नावं पाठ केली की झालं! मग सरांनी एका अपघातावर टिपण लिहायला सांगितलं. मी कारण लिहिलं, ‘निष्काळजीपणा’. सरांनी तेवढा शब्द खोडून वही परत दिली.

तो अपघात १० जून १९९० चा. बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची कॉकपिटची काच १७,३०० फुटांवर उडाली आणि कॅप्टन अर्धे बाहेर ओढले गेले. सुदैवाने सगळे वाचले. काच नुकतीच बदललेली होती. तिच्या ९० बोल्टपैकी ८४ बारीक होते. फरक किती? ०.०२६ इंच, पाऊण मिलिमीटरसुद्धा नाही.

बडोद्यात सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानांचा कारखाना आल्यापासून ओळखीतली मुलं या क्षेत्राबद्दल विचारायला दांडिया बाजारातल्या आमच्या घरी येतात. त्यांच्यापुढे मी चार आणि साडेतीन मिलिमीटरचे स्क्रू मिसळून ठेवतो, खोलीतला दिवा घालवतो आणि म्हणतो, वेगळे करा. बहुतेकांचा हात एकदा तरी चुकतोच. मग ते बर्मिंगहॅमला बोल्ट बसवणाऱ्या माणसाला मूर्ख म्हणत नाहीत, आणि खरा अभ्यास तिथून सुरू होतो.

अपघाताचा अहवाल हातात घेतलात की निष्कर्षाचं पान आधी उघडू नका, ही माझी कळकळीची विनंती. वहीत दोन रकाने करा: किती वाजले, आणि त्या क्षणी त्या माणसाला काय दिसत होतं, काय माहीत होतं. पुढे काय घडलं ते विसरून लिहायचं. हे फार जड जातं, पण याला दुसरा रस्ता नाही. बर्मिंगहॅमला रात्रपाळीत माणसं कमी होती, म्हणून शिफ्ट मॅनेजर स्वतः कामाला लागला. स्टोअरकीपरने योग्य बोल्टचा नंबर सांगितलाही होता. पण काढलेला जुना बोल्ट हातात होता, तोही मुळात आखूडच, तरी त्याने काच धरून ठेवली होती! मग त्याच्याशी नजरेने जुळवूनच नवे घेतले. त्या कामाला दुसऱ्या कुणाची तपासणी सक्तीची नव्हती.

एका शब्दाच्या जागी चार पानं घेऊन मी पुन्हा सरांकडे गेलो. त्यांनी सगळी वाचली आणि विचारलं, “बोल्ट जिथून घेतले, तिथे उजेड किती होता? ते कुठे लिहिलंयस?”