स्थानिक इतिहासाचा प्रबंध पारितोषिकासाठी पाठवताय?

पारितोषिकासाठी आलेले एम.ए., पीएच.डी.चे प्रबंध वाचायचं काम माझ्याकडे असतं. खरं सांगते, अर्धी गळती शीर्षकातच होते. ‘कोकणातील शिलालेख : एक अभ्यास’ दिसलं की मला धडकीच भरते. अख्खं कोकण कसं मावणार? अलिबागजवळचा आक्षीचा एक लेख घेतलात तरी पुरे. शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, हे त्याचं वाचन प्रसिद्ध आहे, पण त्या अंकांवरून अभ्यासकांत मतभेद आहेत. तुम्ही कोणतं वाचन धरता आणि का, ते अक्षरागणिक मांडा. मला तेच वाचायचं असतं.

दगडाला हात लावण्याआधी गावाशी बोला. गुरव, पुजारी, सरपंच, सगळ्यांशी. शेंदूर खरवडायचा नाही. अक्षरांत खडू किंवा रांगोळी भरायची नाही. एक रेघ चुकीची भरलीत की फोटोत दगड दिसत नाही, तुमचा समज दिसतो. अंधार पडल्यावर टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून एका बाजूने धरा. भर दुपारी नसलेली वेलांटी तिथे उठून दिसते. संरक्षित स्मारक असेल तर अक्षरांचा कागदावर ठसा घेण्याआधी पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी घ्या आणि तिची प्रत परिशिष्टात जोडा.

मोडी कागद वापरणाऱ्यांची दांडी तारखांत उडते. पेशवे दफ्तरातल्या कागदावर वर्ष अरबी शब्दांत ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असं असतं : एक, साठ, शंभर, हजार. झालं सुहूर सन ११६१; सुहूर म्हणजे मराठी कागदांतली एक जुनी कालगणना. हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून इसवी सन काढताना मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ची, ती याच ११६१मध्ये येते. सरसकट ५९९ मिळवणारे भाऊसाहेबांना वर्षभर आधीच लढायला लावतात!

संदर्भ देताना नुसतं ‘पुणे पुराभिलेखागार’ लिहून भागत नाही. दफ्तर, रुमाल (कागदांचं कापडात बांधलेलं गाठोडं) क्रमांक, कागदाची तारीख, सगळं हवं. मला तो कागद काढून बघता आला पाहिजे. तोंडी माहिती दिलेल्या आजोबांचं नाव त्यांना विचारूनच छापा. नकाशावर उत्तर दिशा आणि प्रमाणपट्टी हवीच.

सारांश सर्वांत शेवटी लिहा, एकाच पानात, आणि त्यात ‘महाराष्ट्राच्या वैभवशाली परंपरेत’ नको. पहिल्याच वाक्यात तुम्हाला काय सापडलं ते सांगा.