माझा अनुभव: ऋण निर्देशक आले की रेषेचा चढ चुकतो

दोन्ही बिंदू पहिल्या चरणात असले की माझे उत्तर बरोबर येई, पण एखादा निर्देशक ऋण असला की चिन्ह तरी उलटे येई, नाहीतर संख्याच भलती निघे. अ(−२, ३) आणि ब(४, −६) या बिंदूंसाठी मी सतत −९/२ काढत होतो. चढाचे सूत्र (य चा फरक भागिले क्ष चा फरक) पुन्हा पाठ केले. कॅल्क्युलेटरवर सगळे एका ओळीत, कंसांशिवाय घातले, तेव्हा तर −४.७५ आले. दोन संध्याकाळी यात गेल्या.

शेवटी उपयोगी पडले ते असे. ब चे निर्देशक वर आणि अ चे बरोबर त्याखाली लिहिले, प्रत्येक ऋण संख्या कंसात घातली आणि दोन्ही स्तंभांत वरून खालचे वजा केले. आधी य: (−६) − ३ = −९. मग क्ष: ४ − (−२) = ६. मी इथेच ४ − २ करत होतो. यानंतर य चा फरक अंशात आणि क्ष चा छेदात ठेवून −९/६, म्हणजे −३/२, हा चढ मिळाला.

पडताळ्यासाठी आलेख कागदावर अ पासून २ घरे उजवीकडे आणि ३ घरे खाली गेलो, तर आरंभबिंदू (०, ०) लागला. तसेच आणखी दोनदा गेल्यावर नेमका ब आला. क्ष चा फरक शून्य आला, तर मात्र भागाकार करू नये, कारण ती रेषा उभी असते आणि तिचा चढ ठरवता येत नाही.