वसंतात श्रीनगरला गाडीने: दाचीगाम आणि दलकाठच्या बागा

मार्चच्या मध्याला हरि पर्वताच्या पायथ्याशी, बदामवारीत, बदाम फुलतो. महिना संपत आला की झबरवान डोंगराच्या उतारावर ट्युलिप उघडतात. चिनार मात्र तेव्हा पूर्ण उघडेबोडके असतात. त्यांना पालवी धरते ती एप्रिलमध्ये, आणि दाट सावली मिळायला मे उजाडतो. हे सगळं एकाच फेरीत पदरात पडत नाही. त्यामुळे आधी ठरवायचं ते कशासाठी जायचं हे, आणि तारखा त्यावरून.

ट्युलिप आणि दाचीगाम राष्ट्रीय उद्यान ही जोडी हवी असेल तर ५ ते १२ एप्रिल हा आठवडा धरा. ट्युलिपची बाग २०२३ मध्ये १९ मार्चला उघडली, २०२४ मध्ये २३ मार्चला आणि २०२५ मध्ये २६ मार्चला. म्हणजे हवामानाप्रमाणे आठवडाभर मागेपुढे होतं. तिथे लवकर, मध्ये आणि उशिरा फुलणाऱ्या जाती मिसळून लावतात, म्हणून बाग साधारण महिनाभर चालते, पण सगळे वाफे एकाच वेळी भरलेले कधीच दिसत नाहीत. उघडल्या उघडल्या गेलात तर निम्मे वाफे नुसते हिरवे असतात. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात सलग चार-पाच दिवस ऊन तापलं की पाकळ्या गळायला लागतात. १३-१४ एप्रिलला बैसाखी येते आणि निशात-शालीमार या मुघल बागांत अख्खं शहर लोटतं. त्या गर्दीची मजा वेगळी, पण गाडी लावायला जागा मिळत नाही.

बुकिंगच्या आधी आणखी एक गोष्ट. २२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर प्रशासनाने खोऱ्यातली ४८ पर्यटनस्थळं बंद केली होती आणि पुढे ती टप्प्याटप्प्याने उघडली. तुमच्या यादीतली प्रत्येक जागा त्या आठवड्यात उघडी आहे का, हे हॉटेलवाल्याला न विचारता पर्यटन विभागाच्या ताज्या सूचनेवरून पाहा.

रस्ता

जम्मू ते श्रीनगर हा राष्ट्रीय महामार्ग ४४ आता अडीचशे किलोमीटरच्या वर थोडासा आहे. मोकळा असेल तर सहा ते आठ तास. ‘मोकळा असेल तर’ हेच खरं. श्रीनगरात वर्षातला सर्वांत जास्त पाऊस मार्चमध्ये पडतो, कारण पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारी पावसा-बर्फाची वादळं, तेव्हाही येतच असतात. डोंगरावरचा बर्फ वितळत असतो, माती पाण्याने फुगलेली असते, आणि वरून एक चांगली सर आली की रामबन ते बनिहाल या पट्ट्यात दरड येते. २० एप्रिल २०२५ ला रामबनजवळ ढगफुटीसारख्या पावसाने हा महामार्ग कित्येक दिवस अडला होता. चेनानी-नाशरी बोगदा (सुमारे ९ किमी, २०१७ पासून) आणि बनिहाल-काझीगुंडचा नवयुग बोगदा (साडेआठ किमी, २०२१ पासून) यांनी पटनीटॉपची चढण आणि जवाहर बोगद्याजवळचा बर्फ टळला. मधला रामबनचा पट्टा मात्र टळलेला नाही.

म्हणून आदल्या रात्री आणि निघण्याआधी पुन्हा एकदा जम्मू-काश्मीर वाहतूक पोलिसांची त्या दिवसाची सूचना वाचा. जड वाहनं कोणत्या बाजूने सोडणार आणि छोट्या गाड्यांना नाक्यावरून किती वाजेपर्यंत पुढे जाऊ देणार, ते त्यात असतं. वेळ चुकली तर नगरोटा किंवा उधमपूरला गाडी थांबवतात आणि दिवस जातो. पहाटे पाचला जम्मू सोडा. पाऊस सुरू असेल तर निघूच नका. रामबनला अडकून गाडीत रात्र काढण्यापेक्षा जम्मूत एक दिवस काढणं कधीही बरं. पर्याय म्हणून मुघल रोडचा विचार करू नका. त्यावरची पीर की गली ही खिंड सुमारे ३,५०० मीटरवर आहे आणि वसंताच्या सुरुवातीला तिथे बर्फच असतो.

टाकी उधमपूरला पूर्ण भरा. गाडीत माणशी तीन लिटर पाणी, एक दिवसाचं कोरडं खाणं, दोन जाड पांघरुणं, टॉर्च आणि गाडीत चार्ज होणारी पॉवर बँक. हे सामान डिकीच्या तळाशी नको, मागच्या सीटखाली ठेवा. रस्ता अडतो तेव्हा दोन्ही बाजूंना गाड्या इतक्या चिकटून उभ्या राहतात की डिकी उघडत नाही.

गाडीच्या तयारीत सगळ्यांत दुर्लक्षित राहतात ते ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, आणि ओल शोषलेलं ऑइल कमी तापमानाला उकळतं. लांब उतारावर पॅडल दाबून धरलं की ब्रेकच्या चकत्या तापतात, ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पॅडल मऊ पडून खाली जातं. दोन वर्षांहून जुनं ऑइल असेल तर निघण्याआधी बदलून घ्या. उताराचा नियम जुनाच आहे: ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक गाडी असेल तर मॅन्युअल मोडवर टाकून दुसरा किंवा तिसरा धरा. ब्रेक थोडा वेळ घट्ट दाबायचा आणि पूर्ण सोडायचा; पाय टेकवून ठेवायचा नाही. जळका वास आला तर मोकळ्या जागी वीस मिनिटं थांबा, चाकांवर पाणी ओतू नका. तापलेली चकती एकदम थंड झाली तर वाकते.

टायरच्या हवेचं गणित गमतीचं आहे. दर साडेपाच अंश सेल्सियसला साधारण एक पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) कमी-जास्त होतं. जम्मूत दुपारी २८ अंशाला ३३ हवा भरली आणि श्रीनगरात पहाट ५ अंशांची निघाली, तर साडेतीनच्या वर हवा उतरायला हवी. पण श्रीनगर जवळजवळ १,६०० मीटरवर आहे. बाहेरच्या हवेचा दाब तिथे कमी असल्यामुळे मापकावर दोनेक पीएसआय परत वाढलेले दिसतात. शेवटी घट दीड-दोनचीच उरते. म्हणून वाटेत हवा भरत बसू नका. श्रीनगरला पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी हलवण्याआधी, एकदा तपासून कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर आणा. परत खाली येताना मात्र तेवढी काढायला विसरू नका.

बोगद्यांत डिप्पर लाइट, दोन गाड्यांचं अंतर, ओव्हरटेक नाही, फोटोसाठी थांबणं नाही. बोगद्यातून बाहेर पडताना गॉगल हाताशी असू द्या. काझीगुंडच्या तोंडाशी लख्ख ऊन डोळ्यांवर येतं आणि समोरच गाड्या थांबलेल्या असतात, कारण खोऱ्याचं पहिलं दर्शन घ्यायला सगळेच तिथे गाडी बाजूला घेतात.

जम्मू-काश्मीरबाहेरचं प्रीपेड सिम इथे चालत नाही, पोस्टपेड चालतं. निदान एका फोनमध्ये पोस्टपेड हवंच, आणि नकाशा आधीच उतरवून ठेवा. गाडीचं पुस्तक, विमा, पीयूसी आणि प्रत्येकाचं ओळखपत्र वरच्या खणात ठेवा, नाक्यावर ते विचारतातच. गाडी भाड्याची असेल तर मालकाला आधीच विचारून घ्या: गुलमर्ग, पहलगाम, सोनमर्गला बाहेरच्या भाड्याच्या गाड्यांना स्थानिक टॅक्सी संघटना फिरू देत नाहीत.

काझीगुंडपुढे रस्ता सपाट होतो आणि एप्रिलमध्ये दोन्ही बाजूंना मोहरी पिवळी झालेली असते. पांपोरला केशराचे वाफे शोधू नका. केशर ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुलतं; वसंतात तिथे नुसती जमीन दिसते.

दाचीगाम

पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी पहिलं काम दाचीगामच्या परवान्याचं. उद्यानात परवान्याशिवाय प्रवेश नाही आणि तो गेटवर हातोहात मिळेल असं धरून जाऊ नका. श्रीनगरातल्या वन्यजीव विभागाच्या कार्यालयात ओळखपत्र आणि त्याच्या प्रती घेऊन सकाळीच जा. रविवार आणि सुट्टी आधी पाहून घ्या, कारण शनिवारी संध्याकाळी पोहोचणाऱ्यांची फेरी इथेच फसते. वाटाड्या किंवा वनरक्षक सोबत मागा. गाडी आत कुठपर्यंत नेता येईल तेही तेव्हाच विचारा, आणि ड्रोन घरीच ठेवा.

उद्यान १४१ चौरस किलोमीटरचं आहे. तळ साधारण १,६०० मीटरवर, माथा ४,२०० च्या आसपास. शहराला स्वच्छ पाणी मिळावं म्हणून हे पाणलोट १९१० मध्ये राखलं गेलं, आणि राष्ट्रीय उद्यान झालं ते १९८१ मध्ये. नावाचा अर्थ दहा गावं. वसंतात खालचं दाचीगामच पाहायचं. वरच्या भागात बर्फ असतो. दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंशांनी हवा गार होते, म्हणजे खाली १५ अंश असताना माथ्यावर गोठणबिंदूच्या खालीच असतं. जनावरंही त्या हिशोबाने खालीच असतात, आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं.

सूर्योदयाला गेटवर हजर राहा. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तो सव्वासहाच्या आसपास होतो, पण दरी अरुंद असल्याने ऊन खाली उतरायला बराच वेळ लागतो. तोवर हांगूल, म्हणजे काश्मीरची मोठी हरणं, ओढ्याकाठच्या उघड्या गवतात चरत असतात. २०२३ च्या गणनेत ते २८९ भरले होते, त्यामुळे दिसतीलच असं नाही. आणि दिसले तर शिंगांची अपेक्षा ठेवू नका. नर मार्च-एप्रिलमध्ये शिंगं टाकतात, नवी शिंगं मखमली कोंबांसारखी हळूहळू वर येतात. पुष्कळ लोक नराला मादी समजून पुढे निघून जातात. जाड मान, तिच्यावरचे राठ केस आणि मोठा बांधा पाहा.

काळं अस्वल याच दिवसांत हिवाळी झोपेतून उठून खाली येतं. भुकेलेलं असतं आणि ओढ्याच्या आवाजात त्याला तुमची चाहूल लागत नाही. म्हणून वळणावर आणि झुडपांत शिरताना बोलत चाला, हांगूल पाहायला थांबाल तेव्हा गप्प बसा. अस्वल दिसलं तर पळू नका. तोंड त्याच्याकडे ठेवून मागे सरका. खाण्याच्या पिशव्या गाडीतही उघड्या ठेवू नका. कपडे मातकट रंगाचे, बूट पाण्यात न भिजणारे. आदल्या रात्री बुटांचे तळवे घासून घ्या, बागेतलं बी जंगलात जायला नको.

पाण्यामागे बागांकडे

दाचीगामहून परतताना तोच ओढा हारवनला येतो, आणि शालीमारच्या मधल्या पाटात शतकानुशतकं खेळलेलं पाणी याच हारवनच्या ओढ्याचं. उरलेलं पाणी तेलबलवरून दलमध्ये जातं. म्हणून उद्यान आणि बाग वेगवेगळ्या दिवशी पाहू नका. सकाळी दाचीगाम, दुपारी हारवन, मग शालीमार, असा ओढ्याच्या वाहण्याचा क्रम ठेवा. जंगलाने धरून ठेवलेलं पाणी जहांगिराने १६१९ मध्ये कुठे आणून खेळवलं, ते तेव्हाच उमगतं.

बागांच्या वेळेबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी फोटो दुप्पट चांगले येतात. शालीमार, निशात, चश्मेशाही, ट्युलिपची बाग, सगळ्या दलच्या पूर्वेला, झबरवानच्या पायथ्याशी, पश्चिमेकडे तोंड करून आहेत. सकाळचा सूर्य डोंगराआडून येतो, त्यामुळे बागा बराच वेळ सावलीत राहतात. दुपारी तीननंतर फुलं आणि मागचा डोंगर दोन्ही उजळतात. सूर्यास्त दलवर होतो. तो पाहायचा तर निशातच्या सर्वांत वरच्या टप्प्यावर जा. नूरजहाँच्या भावाने, आसफखानाने, १६३३ मध्ये बारा टप्प्यांत रचलेली ही बाग वरून खालीच पाहायची आहे.

ट्युलिपचं थोडं वेगळं आहे. थंडीत त्यांच्या पाकळ्या मिटतात आणि ऊब लागली की उघडतात. सकाळी आठला किंवा ढगाळ दिवशी गेलात तर १५ लाखांहून जास्त कंदांच्या त्या बागेत मिटलेल्या कळ्यांच्याच रांगा दिसतात, आणि लोक ‘अजून फुललं नाही’ म्हणत परततात. मिटलेला आकार आवडत असेल तर सकाळ, उघडा प्याला हवा असेल तर अकरानंतर. वाफ्यात पाय ठेवू नका. पान मोडलं की पुढच्या वर्षाच्या कंदाचं अन्न तुटतं. गाडी बाहेरच लावून त्याच दिवशी चश्मेशाही, बोटॅनिकल गार्डन आणि परीमहल उरका. परीमहल शेवटी घ्या, तिथून सगळं तळं दिसतं. या चढणीच्या रस्त्यावर तपासणी नाका आहे, तेव्हा ओळखपत्रं सोबत ठेवा. बदामवारी शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि एका जोराच्या सरीने बहर झडतो. एप्रिलमध्ये त्यासाठी मुद्दाम वेळ काढू नका.

दिवसांची मांडणी अशी: पहिला दिवस रस्त्याचा. दुसऱ्या दिवशी परवाना आणि संध्याकाळी निशात. तिसऱ्या दिवशी दाचीगाम, हारवन, शालीमार. चौथ्या दिवशी ट्युलिप आणि वरच्या बागा. पाचवा दिवस पूर्ण रिकामा ठेवा, तो परतीच्या रस्त्याचा राखीव दिवस आहे. सहाव्या दिवशी जम्मू, आणि तिथून पुढची रेल्वे किंवा विमान सातव्या दिवसाच्या दुपारनंतरचं. हवामान खात्याने पाचव्या-सहाव्या दिवसासाठी पाऊस सांगितला असेल तर चौथ्या दिवशीच्या बागा तिसऱ्या दिवशी दुपारी उरका आणि चौथ्या दिवशी पहाटेच निघून रामबन ओलांडा.