जुनी बुलेट फटाके फोडते पण चालू होत नाही? आधी आवाज कुठून येतो ते बघा

हे सगळं पॉइंटवाल्या (पॉइंट म्हणजे उघडमीट करून स्पार्क पाडणारा छोटा स्विच) कास्ट आयर्न ३५० बुलेटबद्दल आहे, म्हणजे उजव्या पायात गिअर, हँडलला डिकॉम्प्रेसर (सिलेंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) आणि हेडलाइटच्या वर अँपिअर मीटर असलेली गाडी. पावसाळाभर झाकून ठेवलेली अशी गाडी काढली की हमखास हाच प्रकार होतो, दहा किका मारल्या की एक धडाम्, परत दहा किका, परत धडाम्, आणि मग माणूस वैतागून कार्बोरेटर खोलायला बसतो. तिथेच चुकतं. माझ्या अनुभवात फटाके फोडणाऱ्या बुलेटमध्ये बहुतेक वेळा बिघाड करंटचा असतो, पेट्रोलचा नंतर.

तर पहिलं काम म्हणजे आवाज नीट ऐका. सायलेन्सरमधून फटाका येत असेल तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन तिथे पेटतंय, म्हणजे स्पार्क कमजोर आहे, अधूनमधून चुकतोय किंवा उशिरा पडतोय. कार्बोरेटरमधून फट् करून वाफ बाहेर आली तर एकतर पेट्रोल कमी आणि हवा जास्त जातेय, किंवा इनटेक व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये, किंवा स्पार्क भलत्याच वेळी पडतोय. आणि किकच उलटी मारत असेल तर टायमिंग, म्हणजे स्पार्क पडायची वेळ, पुढे गेलंय. अशा गाडीला चप्पल घालून किक अजिबात मारू नका, घोटा जातो, बूट घाला आणि आधी टायमिंग बघा.

सुरुवात बॅटरीपासून. या गाडीचा स्पार्क बॅटरीवर चालतो, त्यामुळे हॉर्न घोगरा वाजत असेल तर बाकी काही बघण्यात अर्थ नाही, आधी बॅटरी चार्ज करा. मग लाइट बंद ठेवून चावी चालू करा आणि हळूहळू किक दाबत अँपिअर मीटरच्या काट्याकडे बघा. पॉइंट मिटलेले असले की काटा मायनसकडे जातो, उघडले की मध्यावर येतो. काटा असा हलत असेल तर पॉइंटपर्यंत करंट येतोय. हललाच नाही तर वायर, फ्यूज, चावीचा स्विच किंवा काळे पडलेले पॉइंट, यातच कुठेतरी आहे.

आता प्लग काढा, कॅपमध्ये लावून हेडला टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब, कारण भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि ठिणगीने पेटू शकते. किक मारल्यावर निळी, टच्च आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळी मरतुकडी ठिणगी पडत असेल तर सिलेंडरच्या मागे उजव्या बाजूला असलेलं पॉइंटचं झाकण उघडा आणि तिथे बघत किक मारायला सांगा कोणाला तरी. पॉइंटमध्येच मोठी ठिणगी उडतेय आणि त्यांची तोंडं जळून खड्डा पडलाय? मग कंडेन्सर, म्हणजे पॉइंटमधली ठिणगी दाबणारा छोटा डबा, गेला. स्वस्त वस्तू आहे, एक नवीन कायम डिकीत ठेवा. पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ करा, मग कोरा कागद मध्ये धरून ओढा, तो स्वच्छ बाहेर येईपर्यंत ओढत राहा, कारण तेलाचा नुसता हात लागला तरी करंट अडतो. गॅप पूर्ण उघडलेल्या जागी ०.३५ ते ०.४० मिमी, प्लगचा साधारण ०.५ मिमी. पॉइंटची फायबरची टाच झिजते तसा गॅप कमी होतो आणि टायमिंग मागे सरकतं, सायलेन्सरचे फटाके बऱ्याचदा एवढ्यावरच थांबतात.

टायमिंग बघताना एक गोष्ट सांगतोच. वडिलांच्या गाडीला एकदा गॅरेजमध्ये डिस्ट्रिब्युटर, म्हणजे ज्यात पॉइंट बसतात तो भाग, काढून परत बसवला आणि घरी आणल्यापासून ती फक्त कार्बोरेटरमधून फट् फट् करायची. मी कार्बोरेटर तीनदा खोलला, जेट फुंकले, फ्लोट बदलला, काही नाही. शेवटी टॅपेटचं झाकण उघडून पिस्टन वर आणला तर पॉइंट उघडत होते तेव्हा पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या) घट्ट होते! म्हणजे स्पार्क कॉम्प्रेशनला न पडता एक्झॉस्टच्या शेवटी पडत होता, जेव्हा इनटेक व्हॉल्व्ह उघडायला लागलेला असतो, त्यामुळे आत येणारं पेट्रोल तिथेच पेटून कार्बोरेटरमधून बाहेर. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट अर्धा फेरा फिरवून बसवला, दुसऱ्या किकला चालू झाली.

म्हणून पिस्टन वर असताना दोन्ही पुशरॉड बोटाने गोल फिरले पाहिजेत, तेच खरं कॉम्प्रेशन. तिथून पिस्टन ०.८ मिमी खाली असताना, वर येण्याच्या बाजूला, पॉइंट नुकते उघडायला हवेत. पॉइंटमध्ये पातळ सिगारेटचा कागद धरा, तो सुटला की पॉइंट उघडले. हे मोजताना ऑटो अ‍ॅडव्हान्सची (वेग वाढला की टायमिंग आपोआप पुढे नेणारी) वजनं मिटलेली पाहिजेत, स्प्रिंग सैल होऊन ती उघडीच अडकली असतील तर सेटिंग कितीही बरोबर करा, किक उलटी मारणारच. आणि पुशरॉड थंड इंजिनला फिरायला हवा पण वरखाली हलायला नको. घट्ट असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. डिकॉम्प्रेसरची केबल पण बघून घ्या, तिला थोडी ढील हवी, ती ओढलेली राहिली तर कॉम्प्रेशन तिथूनच निघून जातं.

एवढं झाल्यावरच कार्बोरेटर. जुनं पेट्रोल आधी टाकीतून पूर्ण काढा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओलावा धरतं आणि जुन्या रबराला सोसत नाही, महिनोन्महिने उभ्या गाडीत बारीक पायलट जेट (कमी स्पीडला पेट्रोल देणारं भोक) आधी चोंदतो. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं, कार्ब क्लीनर आणि हवेने साफ करा. कार्बोरेटर आणि हेडमधलं पॅकिंग फाटलं असेल तर तिथून हवा ओढून गाडी चोक दिल्याशिवाय चालणारच नाही, नट मात्र सारखे आवळा, एका बाजूने जास्त आवळला तर फ्लँज वाकते.

किका मारून प्लग ओला झाला असेल तर पेट्रोल कॉक बंद, चावी बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि डिकॉम्प्रेसर दाबून सात-आठ किका मारा, मग प्लग कोरडा करून लावा. जवळ ओलं गोणपाट ठेवाच, कार्बोरेटरमधून भडका आला तर आधी कॉक बंद करून ते टाकायचं, पेट्रोलवर पाणी ओतायचं नाही. गाडी चालू झाली की पाच-सात मिनिटं गरम होऊ द्या, कार्बोरेटरचा एअर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत घेऊन दीड वेढा बाहेर काढा आणि तिथून थोडं इकडेतिकडे फिरवत आवाज एकसारखा पडेल तिथे सोडा.