शेकडो आवाजांचा कोरस घरी कसा करायचा, टेन सीसीच्या पद्धतीने

टेन सीसी या ब्रिटिश बँडचं 'आय अ‍ॅम नॉट इन लव्ह' (१९७५) ऐकलं असेल तर मागे धुक्यासारखा पसरलेला जो आवाज आहे ना तो सिंथ (सिंथेसायझर, इलेक्ट्रॉनिक वाद्य) नाहीये, माणसं गातायत. आधी गाणं बोसा नोव्हा या ब्राझिलियन ठेक्यात केलेलं, जमलं नाही म्हणून टाकून दिलं, मग बँडमधला केविन गॉडली म्हणाला सगळं आवाजांवरच करू. इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत बँडमधल्या तिघांनी एकेक सूर १६ वेळा गायला, म्हणजे एका सुराला ४८ आवाज, असे १३ सूर, एकूण ६२४!

आपल्याला लॅपटॉप पुरे. एक सूर धरून 'आ' लावायचा, सपाट, कंप नको, आणि तोच सूर पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करायचा, दर वेळी माइकपासून थोडं पुढेमागे सरकून. ऑटोट्यून अजिबात लावू नका प्लीज, आवाज एकमेकांशी किंचित जुळत नाहीत म्हणूनच तर तो गहिरेपणा येतो. एका सुराचे सगळे टेक एका फाइलमध्ये एकत्र करून लूप करा, म्हणजे सतत फिरत ठेवा, जोड ऐकू येणार नाही असा क्रॉसफेड द्या, म्हणजे शेवट विरतानाच सुरुवात हळूच वर येऊ द्या (त्यांनी यासाठी टेपच जोडून लांब लूप केले होते). असे सा पासून वरच्या सा पर्यंत कोमल-तीव्र धरून १३ सूर.

आता खरी मजा. तेराही ट्रॅक सतत चालू ठेवायचे आणि कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बदलेल तसे फेडर (आवाज कमीजास्त करायच्या पट्ट्या) हाताने वरखाली करायचे, मिक्सरच वाद्य म्हणून वाजवायचा. फेडर पूर्ण शून्यावर नेऊ नका, नको असलेले सूरही अगदी हलके मागे राहू द्या, माझ्या मते गाण्यातली सगळी बेचैनी तिथूनच येते.

मुख्य गायन मात्र एकट्याचं आणि साधं ठेवा. हे गाणं गाणाऱ्या एरिक स्टीवर्टच्या बायकोची तक्रार होती की तू 'प्रेम आहे' असं पुरेसं म्हणत नाहीस, आणि त्याला वाटायचं सारखं म्हटलं तर त्यातला अर्थच जाईल, म्हणून त्याने उलट नाकारणारे शब्द लिहिले. तोंडाने नाही म्हणतोय आणि मागचे शेकडो आवाज हो म्हणतायत, त्यामुळे गायकाने भावना ओतायला गेलं की सगळं बिघडतं.

आणि लांबीला घाबरू नका. हे गाणं सहा मिनिटांचं, तरी ब्रिटनमध्ये नंबर एकला गेलं, अमेरिकेत तीन आठवडे दुसऱ्या नंबरवर होतं.